ताईची गोळी

दि. ९ ऑगस्ट

प्रिय टिल्लू,

तुझं पत्र परवा मिळालं. मी बरी आहे, तुम्हीही सगळे खुशाल असाल, असं नेहमीसारखं लिहायला घेतलं होतं. पण तुझं पत्रच खुशालीचं नाही, तेव्हा ते वाक्य राहू दे.

एवढ्या मोठ्या साहेबाला टिल्लू म्हणावं की नाही याचाही विचार केला. पाकिटावर तुझं पूर्ण नाव आणि हुद्दा लिहिणारच आहे. आत तरी टिल्लूच राहा. दुसरं काही म्हणायची मला सवयच लागली नाही, मोठेपणी तेवढा सहवासच झाला नाही आपला.

अक्षर बघून घाबरू नकोस. उजवं मनगट जरा दुखावलंय म्हणून डाव्या हाताने लिहितेय. आपली शाळेतली बाई असती तर म्हणाली असती, सुधारणा आहे! सध्या घरीच असते. रजा बरीच साठली होती, म्हटलं घ्यावी. खोलीला रंग काढायचा विचार होता, पण भिंतींकडे बघत बसण्यापलीकडे काही झालं नाही. खालच्या दुकानात लोखंडी पाइप कापतात, त्याचा आवाज दुपारी थांबला की उलट चुकल्यासारखं होतं.

आता तुझ्या प्रश्नाकडे येते. मी इकडचं तिकडचं बोलत बसले की आई म्हणायची, "हिची गाडी स्टेशनात यायला वेळ लागतो." आली बघ.

भिंगरीला गेल्या वर्षापासून फिट येतात, हे मला तुझ्या पत्रातून कळलं. बारा वर्षांची पोर. मी तिला एकदाच पाहिली आहे, आई गेली तेव्हा. तुझ्या कडेवर होती आणि माझ्या चष्म्याला हात घालत होती. पहिल्या नव्या गोळीने ती चिडकी झाली, ताटं फेकायची, मग बाथरूममध्ये जाऊन रडायची. दुसऱ्या नव्या गोळीने अंगभर पुरळ उठलं, ती लगेच बंद करावी लागली. आणि आता डॉक्टर म्हणतात की जुन्यांपैकी एक देऊन बघू, कार्बामाझेपिन, कित्येक वर्षं वापरात आहे, पुष्कळांना लागू पडते. इथवर तुझं पत्र एखाद्या अहवालासारखं आहे. मग तू लिहिलंयस, "जुनं औषध म्हटलं की मला तूच दिसतेस. ती तुझ्यासारखी तर होणार नाही ना? खरं सांग."

हे वाक्य वाचून मी चहा केला. तो निवला. पुन्हा केला.

खरं सांगते. पहिली गोष्ट म्हणजे, ती गोळी माझी नव्हे. माझी पहिली गोळी फेनोबार्बिटोन. ती या सगळ्यांची पणजी. माणसाला झोप यावी म्हणून निघालेलं औषध, आणि कोणाच्या तरी लक्षात आलं की याने आकडीही थांबते. घरात तिला नाव नव्हतं. "ताईची गोळी दिली का?" एवढंच. ती घेतली की मला वर्गात फळा दिसायचा, पण फळ्यावरचं माझ्यापर्यंत पोचेस्तोवर बाई तो पुसून टाकायच्या. रेडिओचा काटा केसभर बाजूला सरकलेला असावा, तसं होतं ते. ऐकू येतं सगळं, पण खरखरीतून. मुलं मला गोगलगाय म्हणायची. तूही म्हणायचास, पण तू लाडाने म्हणायचास असं मी धरून चाललेय.

ती एकटी पुरेना म्हणून जोडीला फेनिटॉइन आली. तिने आकड्या फारच कमी झाल्या, पण हिरड्या वाढल्या. इतक्या की दात त्यात बुडायला लागले. तेव्हापासूनचे माझे सगळे फोटो तोंड मिटलेले आहेत. हसताना तोंडावर हात ठेवायची सवय त्या वर्षांतली, ती अजून सुटत नाही. त्या हिरड्या कापून घ्यायला आई मला दातांच्या डॉक्टरांकडे न्यायची. म्हातारे, जाडजूड गृहस्थ. वाट बघताना मी त्यांच्या मेणाच्या तुकड्यातून एक दाढ कोरली. तिच्यावरच्या खाचासुद्धा. त्यांनी ती हातात घेऊन उलटसुलट पाहिली आणि म्हणाले, "शाळेत काय करतेस?"

मी म्हटलं, "झोपते."

"इथे ये. इथे झोपलीस तर दात चावतील."

अशी मी कवळ्या करायच्या लॅबमध्ये लागले. तिथे सगळ्यांच्या टेबलावर ज्योत असते, मेणाची सुरी तापवायला. माझ्या टेबलावर त्यांनी विजेवर तापणारी पेटी आणून ठेवली. का, ते कोणी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. ते जाऊन खूप वर्षं झाली. ती पेटी अजून माझ्याच टेबलावर आहे.

तर गोळीने मला काय केलं? मंद केलं. शब्द उशिरा सापडतात. कोणी विनोद केला तर मी पुढच्या विषयावर हसते. पण टिल्लू, गोळीने मला एकटीने रस्ता ओलांडू दिला. स्वतःची खोली आणि तिची किल्ली दिली. वयाच्या पंचविशीत पहिल्यांदा मी न्हाणीघराची कडी आतून लावून आंघोळ केली. तोवर आई दाराबाहेर बसून "आहेस ना?" विचारायची आणि मी "आहे" म्हणायची. त्या दिवशी कोणी विचारलं नाही. तुला हे हसण्यासारखं वाटेल. मी बाहेर येऊन कितीतरी वेळ केस पुसत राहिले.

बाकी माझं जे झालं ते सगळं गोळीने झालं की माणसांनी, हे निवडायला बसले की मेण आणि प्लास्टर एकात एक मिसळल्यासारखं होतं. वेगळं काढता येत नाही. ते आज राहू दे.

एकच विचारते. पाकीट तुझ्या ऑफिसचं आहे. उत्तरही ऑफिसच्या पत्त्यावर मागवलंयस. मला फोनवर शब्द सापडत नाहीत हे लक्षात ठेवून तू पत्र लिहिलंस असं मला आधी वाटलं आणि बरं वाटलं. मग पाकीट पाहिलं. तुझ्या बायकोला माझ्याबद्दल ठाऊक आहे ना? आणि डॉक्टरांनी विचारलं असेलच की घरात आणखी कोणाला आहे का. काय सांगितलंस?

भिंगरीला माझं प्रेम सांग. सांगता येत असेल तर.

तुझी
ताई

&nbsp;

दि. २१ ऑगस्ट

टिल्लू,

तुझं पत्र आत्ता दुपारी मिळालं. ख्यालीखुशाली सोडून देते.

आधी तुझ्या ऑफिसात फोन केला. तू बैठकीत होतास. तुझी सेक्रेटरी मोबाइल नंबर द्यायला तयार नाही, घरचा नंबर माझ्याकडे कधी नव्हताच. मी निरोप दिला, "ताईचा फोन होता, गोळी बंद करू नका." ती म्हणाली, "कोण ताई?" मी म्हटलं, त्यांना कळेल. तिने तो निरोप दिला की फोन ठेवून खांदे उडवले, मला माहीत नाही. म्हणून हे लिहितेय. लॅबचा कुरिअरवाला संध्याकाळी निघतो, त्याच्या हातात देते. उद्या सकाळी तुझ्या टेबलावर पडेल.

गोळी बंद करू नका. भिंगरीला सुरुवातीला चक्कर आली, एकाचे दोन दिसले, वर्गात डोकं टेकून झोपली, हे सगळं तू लिहिलंस. मला ते वाचताना माझीच शाळा दिसली, तेव्हा मी तुझी भीती समजू शकते. पण म्हणून डबी कपाटात ठेवून "थोडे दिवस काहीच न देता बघू" हे तुम्ही आपल्या मनाने ठरवलंत? डॉक्टरांना न विचारता? डोस कमी करून हळूहळू वाढवतात, वेळ बदलतात, नाहीच झेपलं तर दुसरं देतात आणि पहिलं हळूहळू उतरवतात. ते त्यांना ठरवू दे. मी डॉक्टर नाही. पण अचानक बंद केल्यावर काय होतं ते मला ठाऊक आहे, आणि ते तुला सांगायचं नाही असं मी ठरवलं होतं. आता सांगते.

माझं मनगट दुखावलेलं नाही, मोडलंय.

झालं असं. उन्हाळ्याच्या शेवटी आमच्या औषधवाल्याने मान हलवली. म्हणाला, "ती गोळी येत नाही बाई आता. बनवणारेच बनवत नाहीत. जुनी झाली." मी इतर दुकानांत फिरले. कोणी म्हणे पुढच्या आठवड्यात, कोणी म्हणे नावच ऐकलं नाही. माझे नेहमीचे डॉक्टर निवृत्त झालेत. नव्या माणसासमोर बसून सगळी कहाणी पहिल्यापासून सांगायची, आणि तीही माझ्या वेगाने, याचा मला कंटाळा आला. फेनिटॉइन तर चालूच होती. आणि इतक्या वर्षांत एकही आकडी नव्हती. मला वाटलं, कदाचित आता मला ती पणजी लागतच नसेल.

आणि टिल्लू, पहिले काही दिवस फार सुंदर होते.

हे मी कोणाला सांगितलेलं नाही. एके सकाळी जाग आली ती अर्धी-मुर्धी नाही, पूर्ण. जणू कोणी खिडकीची काच पुसली. खालच्या दुकानातले दोन माणसांचे आवाज मला वेगवेगळे ओळखू आले. बाजारात हिशोब आपोआप होत होता. लॅबमध्ये पॉलिशवाल्या बाईंनी काहीतरी गंमत केली आणि सगळ्यांच्या आधी मी हसले. तोंडावर हात न ठेवता. त्या बघतच राहिल्या. म्हणाल्या, "आज काय खाल्लंत तरी काय?"

मी म्हटलं, "काही नाही खाल्लं." आणि माझं मलाच इतकं हसू आलं की त्यांना वाटलं मला वेड लागलं.

मला वाटलं, ही मी आहे. मी अशी असते. इतकी वर्षं ही बाई माझ्याच घरात राहत होती आणि आमची भेट झाली नव्हती. मी तुला पत्रसुद्धा लिहायला घेतलं होतं. लांबलचक, पटापट सुचणारं. तुझं पत्र यायच्या कितीतरी आधी. ते टाकलं नाही. म्हटलं आणखी थोडे दिवस जाऊ देत, खात्री होऊ दे, मग त्याला एकदम चकित करू.

मग झोप उडाली. हात कापायला लागले. मी म्हटलं, सवय होईल.

लॅबमध्ये रबराच्या वाडग्यात प्लास्टर कालवत होते. तेवढंच आठवतं. पुढचं पॉलिशवाल्या बाईंनी सांगितलं. मी ओरडले आणि टेबलाच्या कोपऱ्यावर पडले. एक आकडी संपायच्या आत दुसरी. गाडी येईपर्यंत थांबेचनात. जाग आली तेव्हा मी हॉस्पिटलात होते, हाताला सलाइन, आणि केसांत प्लास्टर घट्ट बसलेलं. नर्सने कात्रीने केस कापून काढलं ते. डॉक्टर तरुण होता, चांगला होता. म्हणाला, "ही गोळी अशी एकदम सोडतात का? मेंदूला तिची सवय झालेली असते. जीव जातो माणसाचा." मग त्याने हॉस्पिटलच्या साठ्यातून तीच जुनी गोळी चालू केली. तिथे मिळते म्हणे अजून. म्हणाला, "नव्या पुष्कळ आहेत, पण तुम्हाला हिनेच सांभाळलंय. नवं काही करायचं तर सावकाश करू."

ती गोळी पुन्हा सुरू झाली आणि काचेवर पुन्हा वाफ धरली. ती सगळ्यांच्या आधी हसणारी बाई गेली. मी तिच्यासाठी एक दिवस रडले. एका दिवसापेक्षा जास्त रडले, पण तुला एक दिवसच सांगते.

आता तुझ्या पत्रातली दुसरी गोष्ट. तू लिहिलंस, डॉक्टरांनी विचारलं की घरात कोणाला आहे का, तेव्हा बायको शेजारीच बसलेली होती, त्यामुळे तू म्हणालास, "कोणी नाही." नंतर सांगू म्हटलंस आणि मग जमलं नाही. लग्नाच्या वेळी सांगायचं राहिलं, त्यानंतर सांगायची वेळच निघून गेली. तुझ्या बायकोला माहीत आहे ते एवढंच की नवऱ्याला एक बहीण आहे, ती विक्षिप्त आहे आणि तिला माणसं आवडत नाहीत.

मी रागावले असते. पण मला हॉस्पिटलातल्या नर्सने विचारलं होतं, "नातेवाईक कोण? कोणाला कळवायचं?" आणि मी म्हटलं होतं, "कोणी नाही." माझ्या कागदावर पॉलिशवाल्या बाईंनी सही केली. म्हणजे बघ, आपण दोघं भावंडं इतक्या लांब राहून एकच खोटं बोललो, तेही अगदी त्याच शब्दांत.

तेव्हा रागावण्याचं राहू दे. एवढं कर. आज डॉक्टरांना फोन कर आणि गोळी कशी सुरू करायची विचार. ते सांगतील तशी तिला दे. मग बायकोला खरं सांग. मग डॉक्टरांना. या क्रमाने. तिसऱ्याची भीती वाटते म्हणून पहिलं अडवून ठेवू नकोस.

भिंगरी मंद होईल अशी तुला भीती वाटते. झाली तर डॉक्टर बदलून देतील, आता तेवढ्या वाटा आहेत, माझ्या वेळी नव्हत्या. पण ती घरात "कोणी नाही" होईल, याला कुठल्याच डॉक्टरकडे गोळी नाही.

घाईत आहे. कुरिअरवाला दारात उभा आहे.

ताई

&nbsp;

दि. २ नोव्हेंबर

प्रिय टिल्लू,

तू उत्तर लिहिलं नाहीस. मी वाट पाहिली नाही असं लिहिणार होते, पण खोटं बोलायचं आता दोघांनीही सोडायला हवं. वाट पाहिली. पोस्टमन मला जिन्यात बघून लांबूनच नाही म्हणून हात हलवायला लागला होता.

तुझ्याऐवजी तुझी बायको आली. तिने तुला सांगितलंच असेल. तरी माझ्याकडून ऐक, कारण एक गोष्ट मी तिला सांगितली नाही.

गेल्या महिन्यात एका रविवारी दुपारी दार वाजलं. दारात एक उंच बाई आणि तिच्यामागे लांब हातपायांची एक मुलगी. मी ओळखलं नाही, आई गेली तेव्हा एकदाच काय ते ओझरतं पाहिलं होतं. मला वाटलं कोणीतरी कवळीची तक्रार घेऊन आलं. (येतात कधी कधी घरी. लोकांना दात बोचायला लागले की धीर नसतो.) मी म्हटलं, "उद्या लॅबमध्ये या."

ती म्हणाली, "मी तुमची भावजय. आत येऊ?"

टिल्लू, माझ्या खोलीत दोनच खुर्च्या आहेत, आणि दुसरीवर कपडे असतात. मी ते कपडे हातात घेऊन उभीच राहिले. कुठे ठेवायचे सुचेना. शेवटी तिने ते माझ्या हातातून घेतले, घडी केली आणि पलंगावर ठेवले. मग आम्ही तिघी बसलो.

ती म्हणाली, "मी फार भांडले त्यांच्याशी. आजाराबद्दल नाही. मी काय परकी होते का, सांगता आलं नाही?" मग थोडं थांबून म्हणाली, "मला इतकी वर्षं वाटायचं, तुम्हाला आम्ही आवडत नाही. लग्नालासुद्धा आला नाहीत. मला सांगितलं होतं की तुम्हाला गर्दी सोसत नाही."

मी म्हटलं, "मला गर्दी फार आवडते." आणि त्यावर ती रडायला लागली. मी काही रडवण्यासाठी म्हटलं नव्हतं. मला खरंच आवडते. लग्नासाठी मी साडी घेतली होती. आई म्हणाली, तिथे काही झालं तर सगळ्यांसमोर... म्हणून मी घरी राहिले. तू तेव्हा दारात उभा होतास आणि बुटाची नाडी बांधत होतास. फार वेळ बांधत होतास. हे मी तिला सांगितलं नाही.

भिंगरी मात्र आपल्या नावाला जागते. तिने येताक्षणी सगळी खोली हिंडून घेतली, माझ्या घरच्या डब्यातले नमुन्याचे दात बाहेर काढले आणि आरशासमोर ओठांपुढे धरून बघायला लागली. मग एकदम वळून म्हणाली, "आत्या, तुला फिटमध्ये काय दिसतं?"

तुझी बायको म्हणाली, "अगं!"

मी म्हटलं, "काही नाही. मी बोलत असते आणि मग मी जमिनीवर असते. मधलं कोणीतरी कापून नेलेलं असतं."

"मलापण!" ती म्हणाली. इतक्या आनंदाने म्हणाली, जणू आम्हा दोघींची एकच शाळा निघाली. "सगळे विचारतात कसं वाटतं. वाटायला मी तिथे असते का? तुझ्याकडून आलं का हे मला?"

तुझं पहिलं पत्र आल्यापासून हाच प्रश्न मी उशाशी घेऊन झोपत होते. तुझ्या बायकोनेच उत्तर दिलं. "डॉक्टरांनी सांगितलंय ना, नक्की कोणालाच सांगता येत नाही. नाक मात्र आत्याकडूनच आलंय. त्याचा जाब विचार."

आम्ही हसलो. मी जरा उशिरा, पण हसले. मग चहा टाकायला उठले. भिंगरी मला दात दाखवून विचारत होती की हे पिवळट का, पांढरेशुभ्र का नाहीत. मी तिला सांगत होते की म्हाताऱ्या माणसाच्या तोंडात पांढरेशुभ्र दात खोटे दिसतात, म्हणून आम्ही वयाप्रमाणे रंग निवडतो. ती म्हणाली, "मग माझ्या वयाचा कुठला..." आणि थांबली.

मी वळून पाहिलं.

टिल्लू, मला शेकडो आकड्या आल्या असतील. मी आजवर एकही पाहिली नव्हती. लॅबमध्ये कोणाला नाही, शेजारीपाजारी नाही. त्या रविवारपर्यंत मी कधी बघितलंच नव्हतं की ते कसं दिसतं.

आधी तिचे डोळे गेले. उघडेच होते, पण त्यांतून ती निघून गेली. मग तो आवाज आला. मी तसा आवाज करते, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. तोंड एका बाजूला ओढलं गेलं, ओठ निळसर झाले, आणि ते लांब हातपाय कोणीतरी आतून आपटत असल्यासारखे आपटायला लागले. दात सगळे जमिनीवर विखुरले. तुझ्या बायकोने तिला खाली घेतलं, कुशीवर वळवलं, माझी उशी डोक्याखाली सरकवली, घड्याळाकडे पाहिलं आणि तिच्या पाठीवर हात ठेवून हळू आवाजात बोलत राहिली, "आहे मी, आहे मी." किती सरावाने केलं तिने ते.

आणि मी? मी भिंतीला पाठ लावून उभी होते. मला पळून जायचं होतं. खरंच सांगते, दार किती लांब आहे ते मी पाहिलं. ती माझी भाची होती, तिला काय होतंय ते माझ्याइतकं कोणाला ठाऊक नव्हतं, आणि मला फक्त एवढंच वाटत होतं की हे थांबावं, किंवा मी इथे नसावं.

थांबलं. लवकरच थांबलं. तुझी बायको म्हणाली की पूर्वीपेक्षा खूप लहान होतं, गोळी अजून चढवत नेतायत, पूर्ण डोसवर यायचीय. भिंगरीने डोळे उघडले, माझ्याकडे बघून म्हणाली, "चहा झाला?" आणि माझ्याच पलंगावर गाढ झोपली. मी तिचे केस आवरले, तिच्या अंगावर माझी शाल घातली. मग आम्ही दोघी गुडघ्यांवर बसून दात गोळा केले.

दात वेचता वेचता तुझ्या बायकोने मला सांगितलं. तुम्ही भांडलात त्या दिवशी तू तिला सांगितलंस म्हणे, पहिल्यांदाच. की मला आकडी आली की आई माझं डोकं धरायची आणि तुला ओरडून सांगायची, "टिल्लू, पाय धर तिचे!" तू सात वर्षांचा होतास. तू धरायचास. माझे पाय तुझ्यापेक्षा जड होते आणि लाथा बसायच्या. एकदा तुझा ओठ फुटला आणि आईच्या लक्षातही आलं नाही. सगळं झालं की आई मला कुशीत घेऊन बसायची आणि तू तिथेच पाय धरून बसलेला असायचास, कारण सोड असं तुला कोणी सांगितलेलं नसायचं. ती म्हणाली, "अजूनही झोपेत माझा पाय जरा झटकला तरी ते दचकून उठून बसतात."

मला हे माहीत नव्हतं. कसं माहीत असणार? मी तिथे नसायचेच.

मी आयुष्यभर समजत आले की आपल्या घरात जे काही झालं ते मला झालं. गोळी मला, हिरड्या मला, गोगलगाय मी, लग्नाला घरी राहिलेली मी. आणि तू दारातून निघून गेलेला. पण दर वेळी त्या खोलीतून निघून जायची ती मी. मागे राहायचास तू. डोळे उघडे ठेवून. मला प्रत्येक आकडीनंतर झोप तरी लागायची. तुला कोणी कुठली गोळी दिली?

दोघी संध्याकाळच्या गाडीने गेल्या. त्या गेल्यावर मी दुसऱ्या खुर्चीवर कपडे परत ठेवले नाहीत. ती तशीच रिकामी ठेवली आहे आणि त्यामुळे खोली आधीपेक्षा मोठी वाटते, हे काही फार बरं वाटत नाही. पण काल तुझ्या बायकोचा फोन आला. गोळी पूर्ण डोसवर आली आहे, तेव्हापासून एकदाही फिट नाही. भिंगरीला गणिताच्या तासाला झोप येते, पण ती म्हणते आधीही यायची. चिडचिड गेली. ती फोनवर आली आणि तिने मला एक विनोद सांगितला. मला तो कळायला वेळ लागला. ती थांबली. मी हसेपर्यंत फोन धरून थांबली रे.

तू यावंस असं मी लिहिणार होते. लिहीत नाही. तुझ्याने लगेच होणार नाही, हे मला त्या रविवारी भिंतीला पाठ लावून उभी असताना कळलं. तुला माझ्याकडे बघितलं की काय दिसत असेल ते आता मीही बघितलंय. म्हणून तुझ्यावरचा राग शोधतेय तर सापडत नाही. इतक्या वर्षांचा होता, सोबतीला होता एक प्रकारे. तोही गेला.

तेव्हा कोणी सांगायचं राहून गेलं होतं, ते मी सांगते. आकडी संपली आहे, टिल्लू. मी जागी आहे.

पाय सोड आता.

तुझी
ताई